ट्रस रॉडची चावी: ४ सैल बसते, ५ जातच नाही, मग कुठली?

चिपळूणहून एकाने विचारलं आहे. स्टीलच्या तारांची, मोठ्या खोक्याची साधी ड्रेडनॉट गिटार आहे. पावसाळ्यात तारा बऱ्याच वर आल्या आणि वरचे, म्हणजे खोक्याकडचे, फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबताना बोटं दुखायला लागली. कुणीतरी सांगितलं, ट्रस रॉड आवळ. गिटारबरोबर चावी मिळालेली नव्हती. खोक्यावरच्या गोल भोकातून, म्हणजे साउंडहोलमधून, टॉर्च मारला तर नेकच्या (मानेच्या) टोकाशी षटकोनी खाच दिसते. घरात टेबलाबरोबर आलेली ४ मिमीची ॲलन की होती, ती आत सैल बसते. हार्डवेअरच्या दुकानातून ५ ची आणली, तर ती आत जात नाही. तेव्हा मधलं माप कुठलं, आणि ते मिळेपर्यंत ४ च्या चावीला कापड गुंडाळून काम भागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. नाही भागणार. कापड नको, चिकटपट्टी नको आणि टोकदार पक्कड तर अजिबात नको. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत, फ्रेटबोर्डच्या खाली कोरलेल्या खाचेत बसवलेली पोलादी सळई. तुम्हाला दिसतो तो तिचा फक्त शेवटचा सेंटिमीटरभर. हल्लीच्या बहुतेक गिटारींत ती षटकोनी खाच रॉडलाच जोडलेली असते, वेगळी काढता येत नाही. खाचेचे कोपरे एकदा झिजून गोल झाले की आत धरायला काही उरत नाही. मग फ्रेटबोर्ड गरम करून उचलायचा, रॉड बदलायचा, फ्रेटबोर्ड पुन्हा चिकटवायचा. आठ-दहा हजारांच्या गिटारीला हा खर्च परवडत नाही, म्हणजे गिटार बादच. नीट बसणारी चावी शे-दोनशे रुपयांत मिळते. चार दिवस थांबा, पण बरोबर चावी मिळाल्याशिवाय त्या खाचेवर जोर लावू नका.

आता तुमचं कोडं. ‘४ सैल, ५ जात नाही’ हे मी माझ्या टेबलावर वरचेवर ऐकतो. त्याची तीन कारणं असू शकतात, आणि कुठलं ते घरच्या घरी ओळखता येतं.

पहिलं कारण म्हणजे खाच इंची मापाची आहे. आपल्याकडचे जुने मेकॅनिक ज्याला दीड सूत म्हणतात, तो पाना म्हणजे ३/१६ इंच, मिलिमीटरमध्ये ४.७६. हे माप बरोबर ४ आणि ५ च्या मध्ये येतं. अमेरिकन नमुन्यावर बेतलेल्या बऱ्याच रॉडना हीच खाच असते. दुसरं कारण, खाच ५ चीच आहे पण आत लॅकर, फेविकॉल किंवा भुसा जाऊन सुकलाय. तिसरं, खाच साडेचारची आहे. ४.५ मिमीची ॲलन की असते, फक्त नेहमीच्या संचात ती बहुधा नसते, म्हणून लोकांना माहीत नसते.

ओळखायचं कसं? तुमच्याकडची ४ ची चावीच इथे कामाला येईल, मोजमाप म्हणून. षटकोनी चावीचं माप समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं धरतात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर ती जाडीला थोडी जास्त भरते. ४ ची चावी कोपऱ्यांवर ४.६२ भरते. आता ही चावी हलक्या हाताने, दोन बोटांत धरून, खाचेत घालून फिरवा. ती कुठेही न अडता पूर्ण गोल फिरली तर खाच ४.६२ पेक्षा मोठी आहे, म्हणजे दीड सूत किंवा ५. थोडी फिरून कोपऱ्यांवर अडली तर खाच साडेचारची असण्याची शक्यता आहे. अडली की लगेच थांबा, पुढे रेटू नका. चाचणी एवढीच आहे, तिच्यात जोर कुठेच नाही.

मोकळी फिरली असं धरून पुढे जाऊ. आता दीड सूत की ५, हे ठरवायचंय. त्यासाठी आधी खाच साफ करा. तारा ढिल्या करा, मधल्या दोन काढल्या तरी चालेल. हात आत जायला जागा झाली की लाकडी टूथपिक घ्या आणि खाचेचा एकेक कोपरा हळूच कोरून काढा. लोखंडी टाचणीने लॅकरचा टवका लवकर निघतो, पण खाचेच्या भिंतीला चरे पडतात, म्हणून टूथपिकच बरी. मोबाईलचा कॅमेरा साउंडहोलमधून आत घालून फोटो काढा आणि मोठा करून बघा. स्वच्छ खाचेत सहाही कोपरे काटेकोर दिसतात आणि तळ सपाट दिसतो. कोपऱ्यात पिवळसर चकाकी दिसली तर ते लॅकर, पांढुरकं काही दिसलं तर गोंद. तेल किंवा डब्ल्यूडी-४० आत फवारू नका. ते लाकडात मुरतं, आणि पुढे कधी तिथे चिकटवायची वेळ आली तर गोंद धरत नाही.

साफ केल्यावर ५ ची चावी पुन्हा लावून बघा. त्याआधी चावीचं टोक बघून घ्या. स्वस्त चाव्या कापून तशाच सोडलेल्या असतात. कापल्या जागी कडेला धातूचा बारीक कंगोरा उरतो, आणि तेवढ्यानेही चावी खाचेच्या तोंडाशी अडते. बारीक कानशीने टोकाची कड मोडली की निम्म्या वेळा ‘न जाणारी’ ५ ची चावी गुमान आत जाते. एवढं करूनही ती तोंडाशीच अडत असेल, जराही शिरत नसेल, तर खाच दीड सुताची आहे असं समजा. एक-दोन मिमी शिरून मग अडत असेल तर खाच ५ चीच आहे, आत अजून घाण आहे. पुन्हा साफ करा.

एक धोका इथे लक्षात ठेवा. दीड सुताची चावी ५ च्या खाचेत जाते. जाते म्हणून लोकांना वाटतं, बसली. पण तिच्यात डावी-उजवीकडे मिळून दहा-एक अंशांचा खेळ राहतो, आणि जोर लावला की सगळा भार सहा कोपऱ्यांच्या बारीक रेषांवर येतो. खाच गोल होते ती अशीच. नेमकी बसलेली चावी हलवून बघितली तर हाताला जेमतेम एक-दोन अंशांची हालचाल जाणवते, आणि ती निदान पाच-सहा मिमी खोल जाते. या दोन्ही गोष्टी जमल्या तरच ती तुमची चावी. म्हणून मी नेहमी मोठं माप आधी लावून बघतो, मग लहान. लहान माप आधी लावलं की ‘चाललंय की’ म्हणून माणूस तिथेच थांबतो.

मापं अशी जवळजवळ का, याचं कारण थोडक्यात सांगतो, पुढे दुसरी गिटार हातात आली तर उपयोगी पडेल. सव्वा सूत म्हणजे ५/३२ इंच, ३.९७ मिमी, जवळजवळ ४ च. तिथे एकमेकांची चावी चालून जाते. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी, तेही ८ च्या इतकं जवळ आहे की घोळ होत नाही. पण दीड सूत आणि ५ यांच्यात पाव मिलिमीटरचा फरक आहे, आणि दोन सूत म्हणजे ६.३५, जे ६ लाही जुळत नाही आणि ७ लाही नाही. गिटारींत सगळा गोंधळ याच दोन मापांवर होतो.

माप कळलं. आता लांबी आणि आकार, आणि माझ्या मते लोक खरे इथेच चुकतात, कारण दुकानात माप विचारतात, लांबी कुणी विचारत नाही. साउंडहोलमधून लागणारी चावी नेकच्या रेषेत, गिटारच्या वरच्या फळीला समांतर आत जावी लागते. सरळ दांड्याचा टी-पाना तिथे जाऊच शकत नाही, कारण त्याची मूठ खोक्याच्या आत अडकते. तिथे एल आकाराचीच चावी हवी. लांब दांडा खाचेत जातो, आखूड दांडा साउंडहोलमधून वर येतो आणि तोच तुमची मूठ होतो. साध्या ५ च्या एल-कीचा लांब दांडा साधारण आठ सेंटिमीटर असतो. काही गिटारींत खाच अगदी साउंडहोलच्या काठाशी, फ्रेटबोर्डच्या टोकाखाली असते, तिथे एवढा दांडा पुरतो. पण काहींमध्ये ती बरीच आत, फळीखालच्या पहिल्या आडव्या पट्टीच्या पलीकडे असते आणि त्या पट्टीला चावी जाण्यापुरतं भोक ठेवलेलं असतं. मार्टिन कंपनीच्या गिटारी अशा आहेत. त्यांना ५ मिमीचीच, पण चांगली लांब चावी लागते. आखूड चावी घेतली तर ती खाचेच्या तोंडाशी जेमतेम टेकते, आणि अर्धवट टेकलेली चावी चुकीच्या मापाच्या चावीइतकीच घातक.

म्हणून दुकानात जाण्याआधी खोली मोजून घ्या. सायकलचा जुना स्पोक किंवा बांबूची काडी साउंडहोलमधून आत घालून खाचेला टेकवा, साउंडहोलच्या काठाशी पेनाने खूण करा, आणि त्यात तीन-चार सेंटिमीटर मिळवा. तेवढा लांब दांडा हवा.

गोल टोकाच्या, म्हणजे बॉल-एंड चाव्या दिसायला छान असतात आणि तिरक्या कोनातूनही खाचेत बसतात. साउंडहोलच्या अडचणीच्या जागेत मोह होतो. पण ते गोल टोक खाचेला फार थोड्या जागी टेकतं. हलका रॉड असेल, जागाच तशी असेल, तर मी कधी कधी वापरतो. दोन-चार वर्षं न फिरवलेला रॉड पहिल्यांदा सोडवायचा असेल तर मात्र सपाट टोकच. तुमच्या गिटारबरोबर चावीच नव्हती, म्हणजे तिचा रॉड बहुधा बराच काळ फिरलेला नाही, तेव्हा तुम्ही सपाट टोकाची घ्या.

हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाच्या, बाजूने फिरवायचे रॉड वेगळे. तारा जिथून खुंट्यांकडे जातात त्या हाडाच्या पट्टीच्या वर दोन-तीन स्क्रूंनी बसवलेलं छोटं झाकण असतं. ते काढलं की खाच किंवा षटकोनी नट दिसतो. तिथे जागा मोकळी असते, त्यामुळे टी-पाना किंवा स्क्रूड्रायव्हरसारखा बॉक्स पाना आरामात चालतो. गिब्सन कंपनीच्या गिटारींना अडीच सुताचा बॉक्स पाना लागतो, टेलर कंपनीच्या गिटारींना दोन सुताचा. गिब्सनची पद्धत जुनी आहे. तिथल्या थॅडियस मॅक्‌ह्यू याने हा फिरवता येणारा रॉड बनवला आणि १९२३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्या नटाला बॉक्स पाना पातळ भिंतीचाच हवा, कारण भोवतीच्या लाकडात जागा कमी असते. मोटारीचा जाड सॉकेट घातला तर तो लाकूड कुरतडतो आणि नटावर पूर्ण बसतही नाही.

आणि काही गिटारींना फिरवायला काही नसतंच. बहुतेक क्लासिकल, नायलॉन तारांच्या गिटारींत रॉड नसतो, कारण तारांचा ताण कमी असतो. मार्टिनने फिरवता येणारा रॉड १९८५ पासून द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या त्यांच्या नेकमध्ये पोलादी पट्टी किंवा नळी आहे, ती फिरत नाही. वांद्र्यात, वसईत, गोव्यात घरांतून जुन्या गिटारी निघतात, त्यांतल्या काही देशी गिटारींचंही तसंच. झाकण नाही आणि साउंडहोलमधून खाचही दिसत नाही, तर शोधत बसू नका. त्या नेकचं काम वेगळ्या पद्धतीने होतं.

कंपनीच्या नावावरून माप ठरवू नका, असं मी वारंवार सांगतो. मार्टिन, टेलर, गिब्सन यांच्याबाबत चालतं, कारण त्यांनी एकच माप बराच काळ टिकवलं. आपल्याकडच्या आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त गिटारींत रॉड तयार विकत घेऊन बसवलेला असतो. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी, दोन वेगळ्या वर्षांतल्या, माझ्याकडे वेगवेगळ्या मापांच्या आल्या आहेत. मित्राच्या त्याच मॉडेलला ५ ची लागली म्हणून तुमच्याही गिटारीला तीच लागेल असं नाही. खाच बघा, मोजा, मग विकत घ्या.

विकत कुठे? वाद्यांच्या दुकानापेक्षा टूल्सचं दुकान बरं. टपारियासारख्या कंपन्यांचे ॲलन कीचे संच मिमीत वेगळे आणि इंचात वेगळे मिळतात. दुकानदाराला नुसतं ‘ॲलन की द्या’ म्हटलं तर तो मिमीचाच संच पुढे करणार. ‘इंची, दीड सूत, लांब दांड्याची, सपाट टोकाची’ असं स्पष्ट सांगा. चिपळूणला सुटी मिळाली नाही तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हमखास मिळेल. हातात घेऊन बघा. टोक काटकोनात कापलेलं हवं, कडा तीक्ष्ण हव्यात, आणि दुकानदाराकडे व्हर्नियर असेल तर सपाट बाजूंवर मोजून घ्या. ४.७६ च्या जागी ४.६५ भरली तर परत ठेवा.

इथवर चावीचं झालं. पण तुमच्या प्रश्नात मला चावीपेक्षा मोठी गोष्ट दिसते ती ही, की तारा पावसाळ्यात वर आल्या. ट्रस रॉड तारांची उंची कमी करण्यासाठी नसतोच. नेकला तारांच्या ताणाने जो किंचित बाक येतो, तो कमी-जास्त करणं एवढंच त्याचं काम. मध्यम-हलक्या तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर जातो. तो नेकला पुढे ओढतो आणि रॉड मागे ओढतो. या बाकाला रिलीफ म्हणतात. तारांच्या उंचीला ॲक्शन. रॉड फिरवल्यावर ॲक्शनही थोडी बदलते, म्हणून लोक फसतात. दोन मिमी उतरवायची म्हणून रॉड आवळत जातात, नेक सरळ होऊन उलटा वाकतो, खालच्या फ्रेटवर तारा फरफरायला लागतात, आणि वरच्या फ्रेटचं दुखणं तसंच राहतं.

कोकणात पावसाळ्यात हवा नव्वद टक्क्यांच्या आसपास दमट असते. गिटारची वरची फळी पाणी पिऊन फुगते, ब्रिजच्या (तारा जिथे फळीला अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागे पोट काढते, ब्रिज वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर तारा. नेक मात्र आहे तिथेच असतो. उलट नागपूरला मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तीच फळी आत बसते आणि तारा फ्रेटला टेकून फरफरतात. दोन्ही वेळा दोष फळीत आहे, नेकमध्ये नाही, आणि रॉडने तो सुटत नाही. म्हणून चावीला हात लावण्याआधी रिलीफ मोजा.

मोजायला फारसं काही लागत नाही. गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. जिथे नेक खोक्याला मिळतो, बहुतेक ड्रेडनॉटला चौदाव्या फ्रेटला, तिथे जाडी सहावी तार दाबून धरा. आता ती तार तुमची सरळ पट्टी झाली. सहाव्या-सातव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट उरते ते बघा. मोटरसायकलचा टॅपेट सेट करायला गॅरेजवाले फिलर गेज वापरतात, ते मिळालं तर उत्तमच. नाहीतर पहिल्या तारेचा जुना तुकडा घ्या. तुमच्या तारांचा संच दहाचा असेल तर ती तार ०.२५ मिमी जाड असते, बाराचा असेल तर ०.३०. छपाईचा ८० जीएसएमचा एक कागद साधारण ०.१ मिमी भरतो. दोन कागद तार न हलवता सरकले आणि तीन अडले, तर तुमचा रिलीफ ०.२ च्या आसपास आहे आणि तो उत्तम आहे. ०.१५ ते ०.२५ असेल तर मी रॉडला हात लावत नाही. ०.३५ च्या वर गेला तर आवळायला कारण आहे. फट जवळपास नसेलच, तर उलट सैल करावा लागेल.

मग कॅपो काढा आणि बाराव्या फ्रेटवर स्टीलच्या पट्टीने तारांची उंची मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. जाड तारेला अडीच मिमीच्या आसपास आणि बारीक तारेला दोनच्या आसपास असेल तर बहुतेकांच्या हाताला ते चालतं. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला थोडी जास्त बरी, बोटांनी हलकं वाजवणाऱ्याला थोडी कमी. हे हातावर ठरतं, त्यात एक बरोबर आकडा नाही.

रिलीफ ०.२ आणि ॲक्शन ४ असं निघालं, आणि तुमच्या वर्णनावरून मला तसंच वाटतंय, तर चावी बाजूला ठेवा. गिटार बंद केसमध्ये सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या घालून ठेवा, एक स्वस्त आर्द्रता-मापक आत ठेवा, आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये आणून दोन-तीन आठवडे धीर धरा. फळी बसली की ॲक्शन आपोआप बरीच उतरते. त्यानंतरही जास्त राहिली तर ब्रिजवरच्या सॅडलचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचं, बूड घासायचं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायला सॅडल एक मिमी घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. पावसाळ्यात फुगलेल्या फळीवर सॅडल घासू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तारा खाली येतील आणि घासलेलं परत भरता येत नाही.

लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत नेली आणि ती ब्रिजच्या माथ्याच्या बरीच खाली आदळली, तर नेकचा कोनच ढळलाय. ते काम फक्त कारागिराचं.

आणि रिलीफ खरंच जास्त निघाला, तर नीट बसणाऱ्या चावीने असं करा. सगळ्या तारा निम्म्या ताणापर्यंत ढिल्या करा. चावी पूर्ण खोल बसवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ती खाचेत दाबून धरा, कारण फिरवताना मागे सरकण्याकडेच तिचा कल असतो. पहिली हालचाल सैल करण्याची, अगदी थोडी, डावीकडे. जुन्या रॉडचे आटे जाम झालेले असतात, ते असे मोकळे होतात. मग खाचेकडे तोंड करून उजवीकडे, घड्याळाच्या दिशेने, एक अष्टमांश फेरा. साउंडहोलमधून असो की हेडस्टॉककडून, खाचेकडे बघत उजवीकडे म्हणजे आवळणं, रिलीफ कमी होणं. तारा पुन्हा सुरात लावा आणि पुन्हा मोजा. लाकूड लगेच पूर्ण हलत नाही, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी परत मोजा. अजून हवं असेल तर आणखी एक अष्टमांश. पाव फेऱ्याहून जास्त मी एका दिवशी फिरवत नाही, गिटार कितीही धट्टीकट्टी असो.

हाताने काही गोष्टी ऐकायला शिका. चांगल्या रॉडला फिरवताना घट्ट, एकसारखा विरोध जाणवतो. चावीच वाकतेय आणि खाच हलत नाही, तर थांबा. कर्रकन आवाज आला तर थांबा. आत चावी सरकल्यासारखी वाटली तर चावी काढा आणि टोकाची धार बघा. कोपऱ्यावर चकचकीत ओरखडा दिसला तर तुमचं माप अजून चुकतंय. पूर्ण एक फेरा झाला आणि फटीत काहीच बदल नाही, तर आटे संपलेत किंवा रॉड आतून सुटलाय, आणि पुढे रेटण्यात फक्त नुकसान आहे.

तुम्ही तीन गोष्टी मोजून लिहून पाठवा: ४ ची चावी आत मोकळी फिरते की अडते, सातव्या फ्रेटवर किती कागद सरकतात, आणि बाराव्या फ्रेटवर दोन्ही टोकांच्या तारांची उंची किती. खाचेचा साफ केल्यानंतरचा फोटो असेल तर तोही. त्यावरून दीड सुताची चावी शोधायला निघायचं की सिलिका जेलच्या पुड्या आणायच्या, हे मला इथूनही नेमकं सांगता येईल.